दगडाचं उलटं टोक

तीन आठवडे झाले, एका दगडाची नोंद माझ्याकडून पुरी होत नाहीये. संगणकावरच्या फॉर्ममध्ये एकच चौकोन रिकामा आहे: 'दुसरा लेख: आहे / नाही'.

उत्तर इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाच्या गोदामातल्या रोमन शिलालेखांचे फोटो, ठसे आणि नोंदी नव्याने करणं हे माझं काम. लोकांना वाटतं मी दिवसभर लॅटिन वाचत बसतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस दगड हलवण्याच्या परवानगीत जातो. अडीचशे किलोचा खांब पॅलेटवर नुसता फिरवायचा तरी अर्ज करा, दोन माणसं मागा, पट्टे तपासून घ्या. त्यामुळे दगड कुणी फिरवतच नाही.

हा दगड मैलाचा. वरच्या टोकाला सम्राट तिसरा गॉर्डियन, म्हणजे इ.स. २३८ ते २४४ मधला. ते वाचन जुनंच आहे, आणि कुणा हौशी माणसाने अक्षरांत लाल रंग भरून ठेवलाय. हा रंग माझ्या डोक्यात जातो. रंगवणाऱ्याला जे दिसलं तेच पुढे सगळ्यांना दिसत राहतं. खालच्या टोकाला बिजागऱ्यांची दोन भोकं, कारण मधल्या काळात दगड कुठल्याशा शेताच्या फाटकाला लागला होता. नोंदवहीत लिहिलंय, 'खालचं टोक कोरं'. कोरं म्हणजे कुणी बघितलेलं नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

असा दगड बघायला येणारा माणूस हमखास विचारतो, किती मैल लिहिलेत? रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, साधारण १४८० मीटर. लिंकन शहरात सापडलेल्या दगडावर अंतर आहेही: सेगेलोकम या रोमन गावापर्यंत १४ मैल. पण तिसऱ्या शतकातल्या पुष्कळ दगडांवर आकडाच नसतो. नुसतं सम्राटाचं नाव, तेही बऱ्याचदा चतुर्थीत, आपल्या 'गणेशाय नमः'सारखं. वाटसरूला अंतर कळो न कळो, सध्या नमस्कार कुणाला करायचा ते कळलं पाहिजे. लिंकनच्या त्या दगडावरचा नमस्कार व्हिक्टोरिनसला आहे. हा रोमपासून फुटून निघालेल्या गॉलच्या (आजच्या फ्रान्सकडच्या) राज्याचा सम्राट, २६९ ते २७१. म्हणजे तेव्हा ब्रिटनमधला हा रस्ता रोमचं नाव घेत नव्हता.

आणि कार्लाइल शहराचा दगड! १८९४ मध्ये पेटेरिल नदीच्या पात्रात सापडलेला. एका टोकाला कॅरॉशियस, ज्याने २८६ मध्ये ब्रिटन बळकावून स्वतःला सम्राट म्हणवलं आणि २९३ मध्ये आपल्याच माणसाकडून मारला गेला. पुढे दगड उलटा करून दुसऱ्या टोकावर कॉन्स्टन्टाइनचं नाव कोरलं, तेही नुसतं 'सीझर', म्हणजे कनिष्ठ सम्राट म्हणून, त्यामुळे ३०६-३०७ च्या सुमाराचं. बंडखोराचं नाव जमिनीत गेलं म्हणून वाचलं. नाणी त्याची ढिगाने मिळतात, पण दगडावर त्याचं नाव आहे ते एवढंच. त्याची सत्ता पार उत्तर सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीजवळपर्यंत पोचली होती हे त्या गाडलेल्या टोकामुळे कळतं.

हे डोक्यात घेऊन मी आमच्या दगडाच्या खालच्या टोकावर तिरपी बॅटरी धरली. तिथेच चूक झाली असावी. उलट्या बाजूने पाहिलं तर भोकाच्या जरा वर मला व्ही, आय, सी अशी तीन अक्षरं दिसली. चक्क दिसली. तोंडातून 'व्हिक्टोरिनस' बाहेरही पडलं.

मग ठसा घेतला. पुण्यात शिकलो तो ठसा शाईचा: ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकायचा, जरा सुकला की वरून शाईचा बोळा फिरवायचा. दगड काळा, अक्षर पांढरं. इथे शाई वापरत नाहीत. जाड गाळण कागद भिजवून दाट केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकायचा, हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये, आणि दगडावरच पूर्ण वाळू द्यायचा. काढल्यावर कागदाच्या पाठीवर अक्षरं उंचवटा होऊन उभी राहतात, उलटी. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं. छिन्नीच्या खोबणीला धारदार तळ असतो, नांगराचा ओरखडा पसरट आणि एकाच दिशेला ओढलेला.

व्हीचा तळ धारदार लागला. आय बहुतेक दगडाचीच शीर. सी म्हणजे बिजागरीचं लोखंड घासून पडलेली कमान असावी, पण वरची कड जरा जास्तच स्वच्छ आहे.

आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी कागद खिडकीपाशी धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "समजा तिन्ही अक्षरं खरी. मग तो 'इन्विक्टो' कशावरून नाही?" इन्विक्टो म्हणजे अजिंक्याला. ही पदवी त्या काळात ज्याच्यात्याच्या नावामागे लागायची. कार्लाइलच्या दगडावर कॅरॉशियसलाही लागलेली आहे, आणि हे मला पाठ होतं. बाई कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

संशयित अक्षराखाली टिंब द्यायचं, हा आमचा नियम. मी तिन्हींखाली दिलं. मग आयच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं, मग परत टिंब केलं. आमच्यातले एकजण सुचवत होते की 'नाही'वर खूण करून मोकळा हो, पुढे ६० दगड आहेत. त्यांच्या नोंदी भराभर होतात, त्याचं कारण आता कळतंय.

व्हीच्या डाव्या हाताला 'इन' असेल तर ती जागा खांबाच्या वळणावर येते, आणि ती बाजू पॅलेटला टेकलेली आहे. दगड पाव वळसा फिरवायचा अर्ज काल दिलाय. दोन माणसं पुढच्या गुरुवारी मिळतील म्हणतात.