दिव्याने नेमके काय खाल्ले?

तपकीर गल्लीतून आणलेले विजेरीचे दोन सारखे बल्ब, दीड व्होल्टचे दोन सेल आणि एक मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर गेल्या रविवारी नववीतल्या भाच्याबरोबर एक प्रयोग केला. बल्बांची एकसर (एकामागोमाग एक) जोडणी करण्यापूर्वी दुसरा बल्ब कसा पेटेल, असे मी त्याला विचारले. "मंदच पेटणार मामा, अर्धा करंट पहिल्याने खाल्लेला असेल ना," असे तो ठामपणे म्हणाला. त्याच्या वयात मीही हेच उत्तर दिले असते.

दोन्ही बल्ब सारखेच उजळले. मल्टिमीटर पहिल्या बल्बाआधी, दोहोंच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर जोडून पाहिला, तरी विद्युतधारेचा आकडा बदलला नाही. सेलमधून दर सेकंदाला जेवढा प्रभार निघतो तेवढाच परत येतो. खर्च होते ती सेलमधली रासायनिक ऊर्जा. आपल्या जोडणीत प्रत्येक कूलोम प्रभारामागे सेल सुमारे ३ ज्यूल ऊर्जा पुरवतात आणि प्रत्येक बल्ब त्यातली जवळपास निम्मी उष्णता व प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. हा जमाखर्च जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांनी १८४५ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना, नियमांत बांधला: तारा जिथे मिळतात त्या जोडबिंदूवरचा नियम प्रभाराच्या अक्षय्यतेचा आणि बंद वाटेवरच्या विभवांतरांचा (व्होल्टेजचा) नियम ऊर्जेच्या अक्षय्यतेचा.

सोसायटीतला पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, तसे सेलचे काम असते, असे मी त्याला सांगितले खरे. पण ही उपमा लंगडी आहे, कारण पाइप फुटला तर पाणी वाहून जाते, तार तुटली तर प्रवाहच थांबतो. शिवाय प्रभार ऊर्जा डब्यात भरून नेत नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असताना इलेक्ट्रॉन सरासरीने एक मीटर सरकायला पावणेचार तास घेतात, आणि तरीही बटण दाबताच दिवा लागतो, कारण ऊर्जा तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमधून येते.

घरातल्या ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, धारेत तर इलेक्ट्रॉन एवढेही पुढे जात नाहीत. तेवढ्याच धारेला त्यांचे मागेपुढे होणे एका मायक्रोमीटरच्याही आत राहते.

"मग बिल कशाचे देतो आपण?" भाच्याने विचारले. मी बिलावरचे युनिट दाखवले: एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. बिल ऊर्जेचे; इलेक्ट्रॉन तर तारेतलेच.