फतकल

मे महिन्यातली दुपार. टोकियोत हिराई स्टेशनला पिवळ्या पट्टीची सोबू लोकल पकडली, तिसऱ्या स्टेशनला ऱ्योगोकूला उतरलो आणि उतरल्या उतरल्या वास आला. गोडसर, मेणासारखा, लहानपणी बाहुलीच्या डोक्याला यायचा तसला काहीतरी. म्हणलं कुठल्या बाईचं अत्तर एवढं दरवळतंय, तर समोरून दाराएवढा एक पोरगा सुती किमोनो घालून, डोक्यावर अंबाडा बांधून, मोबाइलमध्ये मान घालून निघाला होता. वास त्याच्या अंबाड्याचा. सुमो पैलवान केसाला जे मेणकट तेल लावतात ना, बिन्त्सुके, त्याचा. मग तिथून पुढं दिवसभर तो वास येतच राहिला.

ऱ्योगोकू म्हणजे सुमोची पेठच. गल्ल्यागल्ल्यांतून तालमी, पैलवानांचे पुतळे, पैलवान खातात तो चांकोनाबे नावाचा रस्सा मिळणारी हॉटेलं, आणि त्या एवढ्याशा सायकलवर बसून दूध-अंडी आणायला निघालेले खरेखुरे पैलवान. सायकलची काळजी वाटते. स्पर्धेच्या दिवसांत स्टेडियमबाहेर पैलवानांच्या नावांचे उंचच्या उंच निशाण लावतात, जांभळे हिरवे नारंगी लाल, आणि मनोऱ्यावर बसून कुणीतरी ढोल वाजवत असतो. हलगी नव्हती एवढंच, बाकी आमच्या गावची यात्रा.

तर कोकुगिकान, म्हणजे ते सुमोचं स्टेडियम. आत्ताची इमारत १९८५ची, अकरा हजार माणूस बसतं. एवढ्या मोठ्या हॉलच्या मधोमध मातीचा ओटा, त्यावर साडेचार मीटरचं गोल रिंगण, आणि वर देवळाच्या छपरासारखं छप्पर, खाली एकसुद्धा खांब नाही, नुसतं तारांवर लोंबकळतंय. पूर्वी चार खांब असायचे, १९५२ साली काढले, आता खांबांच्या जागी चार कोपऱ्यांना चार रंगाचे गोंडे. हे सगळं नवरा मला वाचून दाखवत होता. माझं लक्ष नव्हतं कारण मला बसायचं कुठं ते दिसलं होतं.

खाली. जमिनीवर. खुर्च्या वरच्या मजल्यावर, आमची तिकिटं खालची, चौकोनी कप्प्यांची. कप्प्याला चारी बाजूंनी लोखंडी पाइप, आत चार उशा, म्हणजे चार माणसं. सव्वा मीटर बाय सव्वा मीटरच्या आसपास जागा असेल. आम्ही दोघं आणि शेजारचं मराठी जोडपं, चौघंही खात्यापित्या घरचे. बूट काढायचे (मोजा फाटलेला नाही ना हे या देशात घरातून निघतानाच बघून घ्यावं, मी शिकलेय) आणि बसायचं.

आता बसायचं म्हणजे आपण बिनधास्त मांडी घालणार. मी घातली. आणि डाव्या बाजूच्या कप्प्यातल्या आजींकडं बघितलं तर त्या दोन्ही पाय एका बाजूला मुडपून, साडीत बसावं तशा नीटस बसलेल्या. तेव्हा आठवलं, इथं मांडी घालून बसणं हे पुरुषी समजतात, बायकांनी मांडी घातली की जुनी माणसं नाक मुरडतात.

आमच्याकडं मांडीला कुणी काही म्हणत नव्हतं. आमच्याकडं फतकल होती. पाय पसरून ऐसपैस बसलं की आजी स्वयंपाकघरातून न बघता ओरडायची, फतकल काय मारलीयस गं. तिला कसं कळायचं देव जाणे. भाऊ त्याच सोप्यात त्याच तक्क्याला टेकून त्याहून मोठी फतकल मारून बसलेला असायचा, त्याच्या फतकलीला मात्र नाव नव्हतं.

आणि तालीम. आजोबा भावाला घेऊन पहाटे तालमीत जायचे, मी दूध पोचवायच्या निमित्तानं मागं मागं जायचे आणि दाराशी थांबायचे. आत लाल माती, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, त्या मातीचा गार वास दारापर्यंत यायचा. उंबऱ्याच्या आत बाईमाणूस नाही. मारुतीरायाचं कारण सांगायचे. यात्रेत कुस्त्यांचा फड भरायचा, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत, शड्डूचा आवाज घरापर्यंत यायचा आणि आम्ही सगळ्या बायका-पोरी पाटलांच्या गच्चीवर. तिथून काय दिसायचं तर फेटे.

असो. तर इथं मी फडाच्या पुढ्यात बसलेले. या मातीच्या ओट्यातसुद्धा पुरतात, ऐकून बरं वाटलं: मीठ, तांदूळ, वाळकं चेस्टनट, समुद्री शेवाळ, वाळवलेला माकूळ आणि काया नावाच्या झाडाच्या बिया. प्रत्येक स्पर्धेला ओटा नवा, सगळा हातानं चोपून केलेला. नवऱ्यानं तळघरात भाजलेली कोंबडीची याकितोरी आणली. कोंबडीच का, तर कोंबडी दोन पायांवर उभी असते. सुमोत हात जमिनीला टेकले की हरला, म्हणून चार पायांचा प्राणी अशुभ. हे मला फार पटलं, खायला एवढं चांगलं कारण आजवर कुणी दिलं नव्हतं.

कुस्त्या म्हणाल तर बसल्या बसल्या संपतात. दोघं येतात, मीठ उधळतात, उकिडवे बसतात, एकमेकांकडं रोखून बघतात, उठतात, परत कोपऱ्यात जातात, परत मीठ. वरच्या गटाला यासाठी चार मिनिटं मिळतात. १९२८च्या आधी याला काही मर्यादाच नव्हती, मग रेडिओवर कुस्त्या लागायला लागल्या आणि घड्याळ आलं. चार मिनिटं बघाबघी आणि कुस्ती दहा सेकंद. माझ्या पायाला मात्र चार मिनिटांतच मुंग्या. मांडी सोडली, एका बाजूला मुडपली, दुसऱ्या बाजूला मुडपली, शेजारच्या वहिनींच्या मांडीत माझा गुडघा, माझ्या पाठीत त्यांच्या नवऱ्याची पिशवी.

मधे नवऱ्याला म्हणलं, त्या ओट्यावर बाई चढत नाही ना. तो म्हणाला नाही. मला माहीत होतं, नुसतं विचारलं. ओसाकाच्या गव्हर्नर बाई होत्या, ओता फुसाए, २००० साली त्यांना गव्हर्नरचा करंडक स्वतः ओट्यावर जाऊन द्यायचा होता, सुमो संघटना नाही म्हणाली. आणि २०१८ साली मैझुरू शहरात सुमोच्या कार्यक्रमात तिथले महापौर भाषण करता करता ओट्यावरच कोसळले, बायका धावत वर गेल्या, त्यात नर्स होती, छाती दाबायला लागल्या, तर माइकवरून सांगतायत, स्त्रियांनी खाली उतरावं. नंतर संघटनेनं माफी मागितली. पण तेव्हा त्या क्षणी त्या बायका काय करत असतील, हात छातीवर आणि कानात ती सूचना, हे मला कधीकधी रात्री आठवतं. आणि एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तर बायकांना सुमो बघायलाही बंदी होती, त्यानंतरच्या मेइजी काळात उठली. म्हणजे इथंही कुठल्यातरी गच्च्या असतीलच.

शेवटची कुस्ती. योकोझुना, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा पैलवान आलेला, अख्खं स्टेडियम ओरडतंय. आणि शेजारच्या त्या आजींनी, इतका वेळ नीटस बसलेल्या त्या आजींनी, एक सुस्कारा टाकला, पुढच्या पाइपाखालून दोन्ही पाय सरळ लांब केले, पांढरे स्वच्छ मोजे, आणि माझ्याकडं बघून हसल्या. हातानं खुणावलं, कर की तू पण. मी वळले, पिशवी सरकवली, वहिनींना म्हणलं जरा सरका, आणि तेवढ्यात हॉलमध्ये एवढा मोठा आवाज झाला की छपराचे गोंडे हलले असं वाटलं. कुस्ती झाली होती. उशा काही उडाल्या नाहीत, म्हणजे योकोझुना जिंकला असणार. तो हरला की लोक बसायच्या उशा फेकतात, फेकू नका अशी सूचना असूनही.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं कोण जिंकलं वगैरे विचारलं नाही.

"बायका येतात होय तिथं बघायला?"

"भरपूर येतात की गं."

"खाली? पुढं?"

"अगदी पुढं."

"बरंय बाई," आई म्हणाली, आणि गॅसवर दूध ठेवलंय म्हणून फोन ठेवला.