एकत्र राहतो, याचा पुरावा

लग्न झालेलं नाही, पण जोडीदाराला सोबत न्यायचंय. जमतं का? परदेशात शिकायला निघालेल्या मैत्रिणी हल्ली मला हे विचारतात, तेही आवाज जरा खाली आणून. जमतं. आम्ही दोघं कॅनडात तसेच आलो. पण त्यासाठी जे कागद लागतात, ते नेमके तेच असतात जे आपण इतकी वर्षं होऊच दिलेले नसतात.

कॅनडाच्या कायद्यात ‘कॉमन-लॉ पार्टनर’ असा प्रकार आहे. दोघांनी किमान १२ महिने सलग, नवरा-बायकोसारखं, एका घरात काढलेले असले की व्हिसाच्या कामात जोडीदार नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जागी धरला जातो. मधे कामासाठी किंवा घरच्या अडचणीने थोडे दिवस लांब राहावं लागलं तर चालतं. मात्र तीन वर्षांचं प्रेम आणि रोजचे चार फोन, यांनी हे १२ महिने भरून निघत नाहीत.

आम्ही तर दोन वर्षं एकत्र राहत होतो. त्यामुळे आपलं काम झालंच, अशा थाटात जूनमधल्या एका रात्री टेबलावर सगळे कागद मांडले. आणि मग एकेक उचलत गेलो. पहिल्या घराचा करार फक्त याच्या नावावर, कारण घरमालकांना हा एकटाच राहतो असं सांगितलेलं. विजेचं बिल मालकांच्या नावावर. इंटरनेट याच्या नावावर. माझा बँकेतला पत्ता आईबाबांच्या घरचा, कारण पत्ता बदलला असता तर पत्रं इकडे आली असती आणि तिकडे प्रश्न आले असते. कहर म्हणजे याच्या ऑफिसचा फॉर्म. अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, तिथे माझं नाव होतं. शेजारच्या ‘नातं’ या रकान्यात याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मैत्रीण’. मी तो कागद त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, “अगं, मग काय लिहिणार होतो?” यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

दोन वर्षं आम्ही लपण्यात इतके तरबेज झालो होतो की कागदावर आम्ही कुठे सापडतच नव्हतो. दुसऱ्या घराच्या करारावर तेवढी दोघांची नावं होती. तो करार होऊन झाले होते नऊ महिने.

आमच्या सल्लागाराने यावर सहज तोडगा सुचवला: आधीच्या घराचा करार मागची तारीख टाकून दोघांच्या नावाने करून घ्या, सगळेच करतात. सगळे करतात की नाही मला ठाऊक नाही, पण खोटी माहिती दिल्याचं उघडकीला आलं तर कॅनडाचं दार ५ वर्षं बंद होतं, एवढं ठाऊक होतं. शिवाय बंद होतं ते दोघांचंही. आम्ही सल्लागार बदलला आणि मी सप्टेंबरचा प्रवेश जानेवारीवर ढकलला. विद्यापीठाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. खळखळ केली ती आईने. “तीन महिन्यांसाठी अख्खं सत्र घालवतेस? त्यापेक्षा कोर्टात जाऊन सह्या करून या की!”

आईचं चूक नव्हतं. सरळ हिशेब केला तर लग्न हा सगळ्यात कमी कागदांचा मार्ग आहे. पण व्हिसाच्या खिडकीला वेळेत पोचायचं म्हणून लग्न करायचं, हे आम्हा दोघांनाही पटेना. तुम्हाला पटत असेल तर जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. काही देशांत तर दुसरा मार्गच नाही. जर्मनीत विद्यार्थ्याचं कुटुंब म्हणून लग्नाचा किंवा नोंदणीकृत जोडीदारच येऊ शकतो. नुसतं एकत्र राहणं तिथे चालत नाही. अमेरिकेतही विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा एफ-२ व्हिसा फक्त नवरा-बायकोला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना. लग्नाविना जोडीदाराला तिथे फार तर बी-२ हा पाहुण्याचा व्हिसा मागता येतो, आणि त्यावर ना नोकरी ना शिक्षण. ब्रिटनमध्ये किमान २ वर्षांचं नातं मानतात खरं, पण १ जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला नवरा-बायकोसुद्धा सोबत नेता येत नाहीत. ती सोय मुख्यतः पीएचडी आणि संशोधनाच्या पदव्यांपुरती उरली. ऑस्ट्रेलियात साधारण १२ महिन्यांचाच हिशेब आहे, पण तिथे एक मेख आहे: जोडीदार मागाहून येणार असला तरी त्याचं नाव तुमच्या पहिल्या अर्जातच लिहावं लागतं. नाहीतर पुढे त्याचं येणं अडू शकतं. आणि स्वीडनमध्ये अशा जोडीदारासाठी चक्क एक रोजचा शब्दच आहे, ‘सांबो’. आपल्याकडे अजून ‘माझा हा’वर भागवावं लागतं.

तर ते तीन महिने. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या दोघांना वेड लागलंय. संयुक्त खातं उघडलं. विम्यावर एकमेकांची नावं घातली. मी बँकेतला पत्ता बदलला आणि अर्थातच आठवड्याभरात बाबांचा फोन आला. तो फोन मी दोन वर्षं टाळत होते. पंचवीस मिनिटं चालला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सप्टेंबरात ‘आयएमएम ५४०९’ नावाचा फॉर्म घेऊन नोटरीकडे गेलो. आम्ही एकत्र राहतो असं दोघांनी शपथेवर सांगायचा हा फॉर्म. भाडेकरार दोघांच्या सहीचा आहे का, खातं संयुक्त आहे का, विम्यावर नाव आहे का, हे सगळं त्यात विचारतात. नोटरीकाकांनी चष्मा वर केला. “म्हणजे मिस्टर आणि मिसेस ना?” नाही म्हटलं. “मग एंगेजमेंट?” तीही नाही. त्यांनी फॉर्म पहिल्यापासून परत वाचला, शिक्का मारला आणि म्हणाले, “बरंय. सरकारला चालतंय तर मला काय.” सोबत आम्ही एक पत्र जोडलं होतं: पहिले पंधरा महिनेही आम्ही एकत्रच होतो, कागद का नाहीत ते असं असं. खरं ते लिहिलं.

याच्या कामाच्या परवान्याचंही सांगून ठेवते, कारण इथे भलेभले फसतात. जोडीदार म्हणून येता आलं म्हणजे नोकरी करता येईलच असं नाही. २१ जानेवारी २०२५ पासून कॅनडाने हा परवाना आवळलाय: विद्यार्थ्याचा मास्टर्स निदान १६ महिन्यांचा हवा, किंवा पीएचडी, नाहीतर यादीतला एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम. वर्षभराचा मास्टर्स घेऊन जोडीदाराला आणलंत तर तो घरात बसून भिंती मोजेल, आणि दोघांचा खर्च एकाच्या पैशावर. त्यामुळे अभ्यासक्रम निवडतानाच महिने मोजा. माझा दोन वर्षांचा होता म्हणून बरं.

आणि एकदा कॉमन-लॉ म्हटलं की ते फक्त व्हिसापुरतं राहत नाही. इथे टॅक्स भरतानाही तोच रकाना निवडायचा असतो, आणि काही सरकारी सवलती दोघांच्या मिळून उत्पन्नावर ठरतात. तेव्हा सोयीपुरतं जोडपं आणि सोयीपुरतं एकटं, असं करता येत नाही.

परमिटं येऊन, विमान पकडून, आम्ही इथे स्थिरावलो त्याला आता बराच काळ झाला. परवा मी जुनी इंटरनेटची बिलं रद्दीत टाकली. संध्याकाळी बघते तर याने ती काढून, सरळ करून, निळ्या फाइलला लावून ठेवलेली. दोघांची नावं आहेत म्हणे त्यावर.