दगडी भिंतीला सिमेंट का मानवत नाही
मुंबईच्या फोर्टमधल्या दादाभाई नवरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून जाताना माझी नजर आधी दगडांच्या सांध्यांकडे वळते. इथल्या शंभरी ओलांडलेल्या अनेक व्यापारी इमारतींचे दगड चुन्यात बसवलेले आहेत, आणि चुना सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी सांध्यांवाटे पुन्हा बाहेर पडते. डागडुजीच्या वेळी तिथे सिमेंट भरले की ओल आतच अडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचतात आणि मालाडच्या पिवळसर दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे पाहताना मला फार वाईट वाटते. तैलरंगही भिंतीला असाच कोंडतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण पागोळ्यांचे नळ तुंबू न देणे आणि भेगेतले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे ही कामे दरवर्षी मालकांनीच करायला हवीत.