पुढच्या सीझनला पळणार का?

मी रेसच्या घोड्यांचा डॉक्टर. लोकांना वाटतं काय भारी काम आहे, पण निम्मा वेळ घोड्याच्या पायाशी उकिडवं बसण्यात जातो आणि उरलेला तोंड बंद ठेवण्यात. त्यातलं दुसरं जास्त अवघड, हे त्या दिवशी नीट कळलं.

आमचा चॅम्पियन (नाव नाही सांगत, कारण कळेलच) तीन दिवसांपूर्वी मोठी रेस जिंकला होता. पण आधीच्या दोन रेस सहा-सहा लेंग्थने (म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीने) मारलेला घोडा यावेळी जेमतेम मानेच्या अंतराने आला. त्यामुळे सकाळी ट्रॅकच्या रेलिंगला नेहमीची मंडळी जमली होती ती भांडायच्याच तयारीने. मी बॅग घेऊन बाजूने चाललो होतो तर सगळं कानावर पडत होतं. एक म्हणतो, चार वर्षांचा झालाय, आता स्टडला, म्हणजे पैदाशीला पाठवा, इंग्लंडचा फ्रँकेल घोडा बघा, १४ पैकी १४ जिंकून २०१२ मध्ये चौथ्याच वर्षी थांबला, डाग नाही काही नाही. त्यावर दुसरा उसळून, अरे म्हणून तर लोक अजून म्हणतात ना की तो दीड मैलाची रेस कधी पळालाच नाही, आणि ऑस्ट्रेलियाची विन्क्स घोडी बघ की, सातव्या वर्षीसुद्धा पळत होती, सलग ३३ जिंकून २०१९ ला थांबली! मग तिसरा एनेबल घोडीवर आला. २०१७ आणि २०१८ ला आर्क (पॅरिसची मोठी रेस) जिंकली, तिसऱ्यांदा जिंकायची म्हणून ठेवली तर २०१९ ला दुसरी आणि २०२० ला सहावी. ट्रेव्ह घोडीचंही तेच झालं होतं, दोन जिंकून तिसऱ्यांदा चौथी. थोडक्यात लोभ वाईट.

मानेच्या अंतराचं कारण प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणे जॉकीने शेवटी सैल सोडला, कुणी म्हणे अंतर जास्त झालं.

एक म्हातारे गृहस्थ मात्र दुर्बीण पुसत शांतपणे म्हणाले, "सरळ रस्त्याला लागल्यावर त्याने पाय बदलला नाही. नेहमी बदलतो." कुणी लक्षच दिलं नाही. मी दिलं.

वळणावर घोडा आतल्या बाजूचा पुढचा पाय पुढे टाकून पळतो आणि सरळ पट्ट्यात आला की दमलेल्या पायाला आराम म्हणून तो बदलतो. नाही बदलला तर कारणं पन्नास असू शकतात, नुसती सवय किंवा थकवासुद्धा. पण त्यातलं एक कारण मला नको असलेलं होतं.

तबेल्यात सईसकाका वाट बघत होते. "डॉक्टर, लंगडत नाहीये हो अजिबात, दाणा पण सगळा संपवला. पण पट्टी सोडली ना, तर उजवा पुढचा जरा गरम वाटला." त्यांचा तळहात हेच माझं सगळ्यात जुनं मशीन. मी गुडघ्याखाली मागच्या बाजूने बोटं फिरवली, मग डाव्या पायावर, मग परत उजव्या. फरक होता, एवढासाच, पण होता. केस कापले, जेल लावलं, सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. निरोगी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) स्क्रीनवर एकसारखा पांढुरका दिसतो. याच्या बरोबर मधोमध काळा ठिपका होता, वाटाण्याएवढा. तिथले तंतू तुटलेले. प्रोब वर-खाली सरकवून बघितला, जेल परत लावून बघितलं, उगाच आशा, पण ठिपका तिथेच. आणि घोडा माझ्या कॉलरशी खेळतोय!

बाहेरून आवाज येतच होते. आता ब्लॅक कॅव्हिअर या ऑस्ट्रेलियन घोडीची चर्चा चालली होती. २०१२ ला इंग्लंडमध्ये ॲस्कॉटला थोडक्यात जिंकली, सगळ्यांनी जॉकीला शिव्या घातल्या आणि नंतर तपासलं तर मागच्या पायाचे स्नायू फाटलेले निघाले.

ट्रेनर आले, मी स्क्रीन दाखवली. "किती?" एवढंच विचारलं. म्हटलं, नऊ महिने ते वर्ष, तेही सगळं नीट गेलं तर, आणि भरून आलेली जागा मूळच्या टेंडनसारखी लवचिक कधीच होत नाही, त्यामुळे परत तिथेच तुटण्याची भीती राहते. ते मालकांना फोन लावायला कोपऱ्यात गेले आणि जाता जाता ओठावर बोट ठेवलं. काकांनी विचारलं, "मग उद्या पहाटे गॅलपला नाही?" मी म्हटलं, नाही काका, सध्या खोलीतच, मग हातात धरून दहा मिनिटं चालवायचं, बस. त्यांनी मान हलवली आणि गार पाण्याची बादली आणायला गेले.

बाहेर आलो तर घेरलाच मला. डॉक्टर, पळणार ना पुढच्या सीझनला? मी म्हटलं, दाणा मस्त खातोय. खोटं नव्हतं. मंडळी खूश, लगेच वाद पुढे सुरू, आता अंतर वाढवायचं की मैलावरच ठेवायचं.

दुर्बीणवाल्या आजोबांनी काहीच विचारलं नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या स्कॅनरच्या पेटीवर होती. मग त्यांनी दुर्बीण केसमध्ये ठेवली, चेन लावली आणि गेटकडे चालू लागले.