मावशीकडची भांडी वाजतात, आमच्याकडची नाही

परवा रात्री परत कोयनेचा छोटासा धक्का बसला आणि फॅमिली ग्रुपवर लगेच "जाणवला का?" सुरू. मावशी चिपळूणला बाजारपेठेजवळ राहते, तिच्याकडे आधी जमिनीतून गुरगुर आणि मग तीन-चार सेकंदांनी मांडणीवरची भांडी खणखणली. आम्ही वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, जेमतेम तीन किलोमीटर लांब, आम्हाला पत्ताच नाही. मावशी म्हणे "तुम्ही झोपता कुंभकर्णासारखे." अगं मी जागा होतो, मॅच बघत होतो!

भूकंप एकच, रिश्टरचा आकडा पण एकच, फरक पायाखालच्या जमिनीचा. कोयनानगरपासून चिपळूण सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर, तेवढं अंतर सह्याद्रीच्या काळ्या दगडातून लाट सुसाट येते, वाटेत फारशी जिरत नाही. मग मावशीच्या घराखालच्या वाशिष्ठी नदीच्या गाळात शिरली की वेग एकदम पडतो, पण मागची ऊर्जा येतच असते, म्हणून हेलकावा मोठा होतो, समुद्राची लाट उथळ पाण्यात आली की कशी उभी राहते तसंच. त्यात खाली दगड आणि वर मोकळी हवा, मधल्या थरात लाट वरखाली आपटत राहते आणि थराच्या जाडीप्रमाणे ठराविक कंपनं घुमतात. समजा गाळ १० मीटर आणि त्यात लाटेचा वेग सेकंदाला २०० मीटर, तर सेकंदाला ५ हेलकावे. छोट्या भूकंपात अशीच भरभर होणारी कंपनं जास्त असतात, म्हणून हलतात ती बैठी घरं, तावदानं आणि मावशीची पातेली.

आम्ही सड्यावाल्यांनी फार मिरवू नये हां. जांभा वरून कडक, पण आमची विहीर खणताना त्याच्याखाली मऊ पिवळट चिकणमातीच लागली होती, काळा दगड यायला खूप खोल जावं लागलं.

आता खरी काळजी वेगळीच आहे. २०२१ च्या पुरानंतर मावशीचा मुलगा घर पाडून खांबांवर बांधायचं म्हणतोय, खाली नुसतं पार्किंग. पुरासाठी बरोबरच आहे, पण भिंतींविना मोकळा मजला हेलकाव्यात आधी वाकतो, २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत, केंद्रापासून दोनशेवर किलोमीटर लांब, पडलेल्या बऱ्याच इमारती असल्याच होत्या. त्याला म्हटलं बाबा, इंजिनिअरला आधी माती तपासायला सांग.

तर म्हणतो, "दादा, त्याने अजून जागाच बघितली नाहीये, प्लॅन व्हॉट्सॲपवर आलाय."