शिखर नसलेली चढाई

गिर्यारोहणाच्या चित्रपटात शेवटी शिखर येते, त्यावर झेंडा रोवला जातो आणि दमलेला नायक खालच्या ढगांकडे पाहत उभा राहतो, अशी आपली साधारण अपेक्षा असते. डिस्नेच्या १९३६ सालच्या ‘अल्पाइन क्लाइंबर्स’ या नऊ-दहा मिनिटांच्या रंगीत कार्टूनपटात यातले काहीच घडत नाही. मिकी, डोनाल्ड आणि प्लूटो एका दोराला बांधून घेऊन आल्प्स चढू लागतात खरे, पण पुरेसे वर पोहोचताच चढाईचा विषय मागे पडतो आणि जो तो आपल्या उद्योगाला लागतो. दिग्दर्शक डेव्हिड हँड यांना शिखराचे अगत्य नसावे. त्यांचे सारे लक्ष डोंगरावर आधीपासून राहणाऱ्यांकडे आहे.

मिकी गरुडाच्या घरट्यातील अंडी गोळा करतो आणि मादी त्याच्यावर तुटून पडते. मिकी आपला लाडका असला तरी या भांडणात न्याय कोणाच्या बाजूला आहे, याविषयी माझ्या मनात कधी संशय आला नाही. सह्याद्रीतील सुळके चढणारी मंडळीही कड्यावरच्या आग्या मोहोळाला वचकून असतात. ते उठले की कितीही कसलेल्या आरोहकाचे कौशल्य कामाला येत नाही.

डोनाल्डचे प्रकरण मला त्याहून आवडते. एडलवाइस हे आल्प्समधले पांढरे, लोकरीसारखी लव असलेले फूल. अवघड कड्यावरून ते खुडून प्रेयसीला द्यायचे, ही तिकडच्या तरुणांच्या मर्दुमकीची जुनी रीत. ही फुले डोनाल्ड मोठ्या हौसेने जमवतो आणि एक रानबकरीचे करडू ती निवांतपणे खाऊन टाकते. ज्याला माणसे प्रेमाची निशाणी मानतात तो करडाच्या लेखी चारा असतो, आणि क्लॅरेन्स नॅश यांच्या आवाजातला डोनाल्डचा जळफळाट ऐकूनही त्याचे रवंथ थांबत नाही.

हा कार्टूनपट प्रदर्शित झाला २५ जुलै १९३६ रोजी. त्याच्या तीनच दिवस आधी, २२ जुलैला, स्वित्झर्लंडमधील आयगर पर्वताच्या उत्तर भिंतीवर टोनी कुर्त्स हा तरुण जर्मन गिर्यारोहक दोराला लटकलेल्या अवस्थेत मरण पावला होता. त्याचे तिन्ही साथीदार आधीच गेले होते. बचावासाठी आलेले वाटाडे त्याच्या अगदी खाली पोहोचले होते. परंतु खाली उतरताना दोन दोर जोडणारी गाठ कॅराबिनरमधून, म्हणजे दोर ओवायच्या धातूच्या कडीतून, सरकेना, आणि गोठलेल्या हाताने ती सोडवण्याचे त्राण त्याच्यात उरले नव्हते. हे वाचल्यापासून मिकीच्या कमरेचा दोर मला पूर्वीसारखा पाहता येत नाही. कार्टूनमधला दोर हवा तितका ताणतो, पडणाऱ्याला हवेतच झेलतो, आणि कोणी कितीही खाली कोसळला तरी पुढच्या विनोदापर्यंत धडधाकट उभा राहतो. खऱ्या डोंगरावर सगळा जीव एका गाठीच्या जाडीवर अवलंबून राहू शकतो.

प्लूटो मात्र बर्फात गाडला जातो आणि गळ्यात ब्रँडीचे पिंप बांधलेला सेंट बर्नार्ड कुत्रा त्याच्या मदतीला येतो. ग्रेट सेंट बर्नार्ड ही आल्प्समधली सुमारे २,४६९ मीटर उंचीवरची खिंड, आणि तिथल्या मठातील कुत्र्यांनी बर्फात हरवलेल्या अनेक वाटसरूंना खरोखरच वाचवले आहे. त्यांतला बॅरी नावाचा कुत्रा तर पेंढा भरून बर्नच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. गळ्यातले पिंप मात्र लोकांच्या मनात रुजले ते मुख्यतः एडविन लँडसीर या इंग्रज चित्रकाराच्या १८२० सालच्या एका चित्रामुळे. वैद्यकाच्या दृष्टीने हा उपचार घातकच आहे, कारण मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबेचा भास होतो आणि शरीरातली उष्णता उलट लवकर निघून जाते. प्लूटोला त्याचे काय! तो झिंगतो, त्याला वाचवायला आलेलाही झिंगतो आणि दोघांची मैत्री जमते. अंडी लुटणाऱ्या मिकीला आणि फुले खुडणाऱ्या डोनाल्डला डोंगराने पिटाळून लावले. पाहुणचार मिळाला तो केवळ दोराला बांधलेला होता म्हणून वर आलेल्या, गिर्यारोहणाची काडीचीही हौस नसलेल्या कुत्र्याला.